लेकरांची बोटे थंडीने का सुजतात?

आमच्या निफाड तालुक्यात थंडी वाढली की द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. पहाटे उठून तो बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो, धूर करतो, विहिरीचे कोमट पाणी ठिबकने बागेला सोडतो. घडाला थंडी बाधू नये, मणी तडकू नयेत म्हणून ही धडपड असते. वर्षाचे पीक असते, डोक्यावर कर्ज असते, तेव्हा ते बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘निफाड गारठले, द्राक्षबागा संकटात.’ पण त्याच पहाटे दहिवराने भिजलेल्या बांधावरून अनवाणी किंवा ओल्या बुटांनी शाळेत निघालेल्या लेकराच्या पायाकडे कोणाचे लक्ष जाते? खरे सांगायचे तर आमचेही गेले नव्हते. घरातल्याच एका लेकराने ते ओढून घेतले, म्हणून हा लेख.

आमची धाकटी बहीण विंचूरला दिलेली आहे. मेहुणे द्राक्षबागेत मजुरी करतात. बहीण हंगामाप्रमाणे कधी कांद्याच्या खळ्यावर, तर कधी लागवडीच्या टोळीत जाते. विंचूर म्हणजे लासलगाव बाजार समितीचा उपबाजार असलेले गाव. इकडे उन्हाळ कांद्याची लागवड होते ती नेमकी डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात. वाफ्यात पाणी सोडायचे आणि त्या ओल्यात बसून रोप लावायचे. बाया सकाळी आठला चिखलात उतरतात त्या दिवस कलेपर्यंत. लहान मूल बांधावर झोपवलेले असते आणि त्याला सांभाळायला थोरली पोर सोबत असते.

आमची भाची नऊ वर्षांची, तिसरीत शिकते. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर ती आईबरोबर वावरात असे. लहान भावाला खेळवता खेळवता तिचेही पाय वाफ्यात जात. रविवारी संध्याकाळी शाळेचे कॅनव्हासचे बूट धुवायचे. धुके आणि गारठा इतका की सोमवारपर्यंत ते वाळत नसत. सोमवारी गणवेश तपासतात म्हणून पोर तेच ओले बूट घालून जाई आणि चारपाच तास तिचे पाय त्यात राहत.

दहा दिवसांचा घोळ

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही रविवारी सहज बहिणीकडे गेलो होतो. चहा ठेवता ठेवताच ती म्हणाली, “दादा, हिचे पाय बघ ना जरा. रात्रभर खाजवती, झोपत नाही.” पाहिले तर दोन्ही पायांची बोटे सुजून लंबोळी झालेली. वरची कातडी जांभळट-काळपट, चकचकीत आणि ताणलेली. उजव्या पायाच्या दोन बोटांवर फोड फुटून ओली जखम झालेली होती.

दहा दिवसांपूर्वी नुसती खाज होती. आजीने मायेपोटी रोज संध्याकाळी नातीचे पाय चुलीच्या निखाऱ्यांजवळ धरले. घटकाभर बरे वाटे आणि रात्री आग दुप्पट होई. मग कोणी सांगितले चिखल्या आहेत. मेडिकलमधून चिखल्यांचे मलम आणले, उपयोग झाला नाही. कोणी सांगितले मिठाच्या कढत पाण्यात पाय बुडवा. थंडीने बधिरलेल्या पायांना पाणी किती कढत आहे ते पोरीला कळलेच नाही, त्यातूनच ते फोड आले. एका खाजगी दवाखान्यात दोन इंजेक्शने झाली, दोन दिवसांची मजुरी गेली, आजाराचे नाव मात्र कोणी सांगितले नाही. शेवटी गल्लीत कुजबुज सुरू झाली की पोरीला महारोग झालाय. शेजारच्या घरातल्या मुलांना तिच्याशी खेळायला बंदी झाली. पोर नऊ दिवस शाळेत गेली नव्हती. ती आम्हाला म्हणाली, “मामा, माझी बोटं झडणार आहेत का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी आधी पोरीला समोर बसवून तिच्याशी गप्पा मारल्या आणि मग तीनचार साधे प्रश्न विचारले. पाय ओले राहतात का? बाहेरून आल्यावर विस्तवाशी शेकता का? खाज आणि आग होते का? गेल्या वर्षीही असे झाले होते का? मग कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला आणि पोरीला डोळे मिटून, स्पर्श कळतो का ते सांगायला लावले. तिला सगळे कळत होते. बाई हसून म्हणाल्या, “हा महारोग नाही. थंडीचा त्रास आहे. बोटं जागच्या जागी राहतील, फक्त शेकणं बंद करा.”

हा आजार आहे तरी काय?

आपल्याकडे लोक ‘थंडीने बोटे सुजली’ एवढेच म्हणतात. डॉक्टरी भाषेत याला चिलब्लेन किंवा पर्निओ म्हणतात. यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पारा शून्याच्या वर असला, पण हवा गार आणि पाय ओले असले की पुरे. इंग्लंडसारख्या देशात घरे उबदार करण्याची सोय घरोघरी नव्हती तेव्हा हा मुलांचा नेहमीचा हिवाळी त्रास होता. काश्मीर-हिमाचलच्या लोकांना तो चांगला ठाऊक आहे. आपल्याकडे महाराष्ट्र उष्ण प्रदेश म्हणून कोणाच्या मनात येत नाही. पण निफाडची थंडी वेगळी आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. उघडे सपाट रान, भिजवलेली वावरे, पहाटेचे दहिवर, आणि त्यात पत्र्याची खोली.

आजार कसा होतो हे आपल्या वावरातल्या पाटावरून चटकन समजेल. शरीरातले रक्त बारीक रक्तवाहिन्यांतून बोटांच्या टोकांपर्यंत जाते, जसे पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. थंडी लागली की शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी टोकाच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, म्हणजे शेवटच्या वाफ्याचे बारे बंद करते. बोटे गार पडतात, बधिरतात. अशा वेळी पाय एकदम निखाऱ्यावर धरले तर काय होते? पाण्याचा लोंढा येतो, पण चिमुकला पाट तो झेलू शकत नाही. बांध झिरपतो आणि पाणी वाफ्याबाहेर पसरते. तसेच रक्तातले पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपते. सूज, खाज, आग आणि रंग बदलणे हे सगळे त्यातून येते. म्हणून त्रास थंडीत असताना जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री पांघरुणात ऊब आली की सुरू होतो. आईबापांना वाटते, दिवसभर पोर चांगली खेळत होती, मग रात्री काय झाले?

गोऱ्या माणसाच्या पुस्तकात ‘लाल चट्टे’ असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. जांभळट, काळपट किंवा नुसती चकचकीत सूज दिसते. पायाची बोटे, टाचेची कड, हाताची बोटे, कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा ही याची ठिकाणे. हा आजार कोणालाही होऊ शकतो, पण अंगाने बारीक असलेल्या मुलांना आणि बायकांना तो अधिक होतो. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. हा आजार संसर्गाने होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा लेकराला वेगळे बसवण्याचे, त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत युरोप-अमेरिकेतल्या अनेक मुलांच्या व तरुणांच्या बोटांवर अशीच सूज दिसली. ‘कोविड टोज’ या नावाने तिची जगभर चर्चा झाली आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी तिच्यावर लिहिले. गरिबाच्या पोरीच्या पायावर तीच सूज दरसाल येते, तेव्हा तिला नावही मिळत नाही.

ओळखावे कसे?

चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात. तिथली कातडी पांढरी पडून सोलते, वास येतो आणि त्यांचा जोर बहुधा पावसाळ्यात असतो. थंडीची सूज बोटांच्या वरच्या अंगाला व कडेला येते. चिखल्यांचे मलम तिला चालत नाही.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तो खाजतही नाही आणि दुखतही नाही. थंडीची सूज खाजते, जळजळते, हात लावू देत नाही. तरीही कोणाला शंका असेल तर कुजबुज करीत बसू नये, सरकारी दवाखान्यात दाखवावे. कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग भीती कशाची आणि बहिष्कार कशासाठी?

सूज आल्यावर काय करावे?

पहिली गोष्ट, पाय कोरडे करावेत. ओले मोजे, ओले बूट ताबडतोब काढावेत. मऊ कापडाने टिपून पाय पुसावेत, बोटांची बेचकी विसरू नयेत. घासू नये, चोळू नये.

दुसरी गोष्ट, ऊब हळूहळू द्यावी. कोरडे लोकरीचे किंवा जाड सुती सैल मोजे घालावेत, गोधडीत पाय गुंडाळावेत. आईने आपल्या तळहातात लेकराचे पाय नुसते धरून बसावे. शेकोटी, निखारे, हीटर, गरम वीट, कढत पाणी यातले काहीही थेट पायाला लावू नये. रोजच्या थेट धगीचे इतरही तोटे आहेत. काश्मीरमध्ये लोक कपड्यांत निखाऱ्याची कांगडी बाळगतात. तिच्या धगीने वर्षानुवर्षे भाजलेल्या कातडीला कर्करोग होतो, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट, खाजवू देऊ नये. हे बोलायला सोपे आहे, रात्री दोन वाजता अवघड. नखे बारीक कापावीत, रात्री सैल मोजे घालून निजवावे. कातडी फाटलेली नसेल तर खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन हलक्या हाताने लावावे. फोड आला असेल तर तो फोडू नये. फुटला असेल तर साबण-पाण्याने स्वच्छ करून कोरडे स्वच्छ कापड बांधावे. हळद, चुना, राख, तंबाखू, टूथपेस्ट यातले काही जखमेवर लावू नये.

शेकणे आणि ओल एवढे थांबले की साधी सूज एक ते तीन आठवड्यांत आपोआप उतरते. डाग थोडे दिवस राहतो, तोही जातो.

औषधांबद्दल एक इशारा. खाज फार असेल तर काही डॉक्टर थोडे दिवस सौम्य स्टिरॉइडचे मलम देतात. ते स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. जखम किंवा बुरशी असताना ते लावले तर दुखणे वाढते. दरसाल जोराचा त्रास होणाऱ्यांना तज्ज्ञ डॉक्टर निफेडिपिन नावाची गोळी देतात. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पण ती रक्तदाबाची गोळी आहे. आजोबांच्या डबीतली गोळी नातवाला देऊन पाहू, असे कोणी चुकूनही करू नये.

दवाखान्यात कधी जावे?

• फोड फुटून जखम झाली, पू आला, सूज वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी.
• बोट पांढरेफटक, कडक व बधिर झाले किंवा काळे पडू लागले, तर क्षणभरही न थांबता.
• दोनतीन आठवड्यांत उतार नाही, दरसाल त्रास होतो किंवा उन्हाळा लागला तरी सूज जात नाही. क्वचित यामागे रक्ताचा किंवा सांध्यांचा दुसरा आजार असतो. सोबत सांधे दुखत असतील, चेहऱ्यावर चट्टे असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.
• घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाला असे काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नये.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसे नाहीत म्हणून घरी बसण्याची गरज नाही. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना तपासायला येते. त्या दिवशी लेकराला शाळेत नक्की पाठवावे आणि पाय दाखवायला सांगावे.

सूज येऊच नये म्हणून

पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या खंदकांत हजारो सैनिक गुडघाभर गार चिखलात उभे होते. त्यांत आपल्या देशातून गेलेले सैनिकही होते. गोळीशिवाय नुसत्या ओल्या थंडीने माणसांचे पाय निकामी होऊ लागले. त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. तो चिलब्लेनहून भारी, पण त्याच जातीचा त्रास. सैन्याने उपाय केला तो साधा. मोजे बदलायचे, पाय पुसायचे, तेल लावायचे आणि सैनिकांनी एकमेकांचे पाय तपासायचे. वरून हुकूम आला आणि मोजे पुरवले गेले, तेव्हा आजार कमी झाला. आपल्या घरात हुकूम देणारे आणि पाळणारे आपणच आहोत.

मोज्यांचे दोन जोड ठेवावेत. एक पायात, एक वाळत. ते जमत नसेल तर जुन्या स्वेटरच्या बाहीचे मोजे शिवून घ्यावेत. आमच्या बहिणीने तेच केले.

बूट रविवारी संध्याकाळी न धुता शनिवारी दुपारी धुवावेत, म्हणजे त्यांना रविवारचे ऊन मिळते. तरी ओल राहिली तर रात्री बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. कागद ओल शोषून घेतो. मध्ये एकदा बोळे बदलले तर आणखी चांगले.

बूट घट्ट नसावेत. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा हवी. घट्ट बुटात तीन मोजे कोंबण्यापेक्षा सैल बुटात एक जाड मोजा बरा. मोज्याचे इलॅस्टिक पोटरीवर वळ उमटवत असेल तर ते कापून टाकावे.

नुसते पाय झाकून भागत नाही. अंग गारठले की शरीर पायांचे रक्त आखडते. म्हणून स्वेटर, कानटोपी आणि पोटात काही गरम घालूनच लेकराने बाहेर पडावे. रिकाम्या पोटी थंडी अधिक बाधते. शाळेत एका जागी फार वेळ बसावे लागले तर बुटातल्या बुटात बोटे हलवायला शिकवावे.

घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते. थंडीत बोटे सुजणाऱ्या मोठ्या माणसाने ती सोडलीच पाहिजे. आणि लेकराच्या खोलीत तर तिचा धूर नकोच.

आता लागवडीच्या टोळीबद्दल. बायकांनी वाफ्यात बसताना जमेल तिथे गमबूट वापरावेत. जमत नसेल तर दर दीड-दोन तासांनी बांधावर येऊन पाय पुसून कोरडे करावेत. मुकादमाशी एकटीदुकटीने बोलू नये, साऱ्या जणींनी मिळून बोलावे. सकाळी आठऐवजी ऊन वर आल्यावर नऊला वाफ्यात उतरू, संध्याकाळी तेवढे भरून देऊ, एवढी मागणी कोणालाही पटण्यासारखी आहे. बहिणीच्या टोळीने ती केली. पहिल्या मालकाने नाही म्हटले, दुसऱ्याने मानली. आणि सांभाळायला नेलेल्या पोरांना वाफ्यात उतरू देऊ नये. त्यांच्यासाठी कोरड्या जागी पोते अंथरावे.

शाळेतल्या गुरुजनांनाही आमची विनंती आहे. गणवेश नीटनेटका हवा हे मान्य. पण डिसेंबर-जानेवारीत ज्या लेकराचे बूट ओले आहेत त्याला ते काढून कोरड्या मोज्यांवर बसू द्यावे. आम्ही भाचीच्या शाळेत जाऊन हे बोललो. बाईंनी ऐकून घेतले आणि वर्गात जुनी सतरंजी अंथरली. भांडणाची वेळच आली नाही. आधी जाऊन बोलायला हवे होते, एवढेच.

भाचीची जखम बारा-तेरा दिवसांत भरली. पंधराव्या दिवशी ती शाळेत गेली. ज्या शेजारणीने मुलांना बंदी केली होती तिच्याकडे बहीण स्वतः गेली, केसपेपर दाखवला आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितले. त्या बाईने केसपेपर वाचला नाही, तिला वाचता येत नाही. पण तिने स्वतःच्या मुलाचे पाय पुढे केले. त्याच्याही दोन बोटांवर तीच सूज होती. तिने ती लोकांच्या भीतीने झाकून ठेवली होती.

यंदाच्या हिवाळ्यात आजी नातीचे पाय विस्तवापाशी नेत नाही. रोज रात्री ते पदराने पुसते, एकेक बोट तपासते आणि मग मोजे घालते. भाचीला यंदा एकदाच थोडी खाज आली आणि चार दिवसांत गेली.

वाचकहो, आज रात्री जेवणे झाली की आपल्या लेकरांचे पाय दिव्याच्या उजेडात एकदा बघा. पाचच मिनिटे लागतात. आणि शेजारच्या घरात कोणी पोर शाळेत जाणे बंद झाले असेल, तर त्याचेही पाय बघून या.